बागेतलं फसवं 'ख्रिसमस ट्री'



माझी एक जुनी विद्यार्थिनी आता इंग्लंडमध्ये असते. गेल्या वर्षी मे महिन्यात तिने घरामागच्या बागेचा फोटो पाठवला. वाफ्यात वीतभर उंचीची हिरवीगार रोपं, हुबेहूब ख्रिसमस ट्री! "सर, मुलगा म्हणतो ही पाइनची पिल्लं आहेत, उपटायची नाहीत. खरंच का हो?" मी घाईत 'हो' म्हणून मोकळा झालो. आणि चुकलो.

ते होतं हॉर्सटेल, म्हणजे घोड्याची शेपटी. शास्त्रीय नाव इक्विसेटम आर्व्हेन्स. तिकडच्या बागांतलं अतिशय चिवट तण. त्याचं जमिनीखालचं खोड २ मीटरपर्यंत खोल जातं आणि खणताना राहिलेल्या छोट्या तुकड्यातूनही नवं रोप उगवतं. माझ्या एका 'हो'मुळे तिचा अख्खा वाफा त्याने भरून गेला.

मग ओळखायचं कसं? आकार बघू नका, सांधा बघा. हॉर्सटेलचं खोड उसासारखं पेरापेरांचं असतं. हलकेच ओढलं की पेरावर सुटतं. प्रत्येक पेराभोवती दातेरी कडेचं छोटंसं म्यान दिसतं. ती त्याची खरी पानं! ज्यांना आपण सुया समजतो त्या बारीक फांद्या असतात. पाइनची सुई मात्र खरोखरच पान, त्यामुळे ती अशी पेरावर सुटत नाही. हॉर्सटेल हाताला खरखरीतही लागतं, कारण त्यात सिलिका असते. त्याच्या जातीतल्या वनस्पतींनी पूर्वी युरोपात भांडी घासत!

मुलं आणखी एका ठिकाणी हमखास फसतात. हिरव्या दांड्यांच्या आधी, वसंताच्या सुरुवातीला, फिकट तपकिरी दांड्या वर येतात आणि त्यांच्या टोकाला चक्क शंकू असतो. पण पाइनच्या शंकूत बी असते, याच्या शंकूत बीजाणू. म्हणजे नातं जवळचं ते आपल्या नेच्याशी. याचेच नातेवाईक, कॅलॅमाइट्स, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ३० मीटरपर्यंत वाढत. आजच्या दगडी कोळशात तेही आहेत.

आपल्याकडे वर्गात हे दाखवायचं तर हॉर्सटेल कुठून आणणार? सुरूची एक फांदी आणा. कोकणातल्या शाळांना तर ती किनाऱ्यावरच मिळेल. तिची 'सुई' ओढा, तीही पेरावर सुटते. भिंगाखाली सांध्यावर इवलीशी खवल्यांसारखी पानं दिसतात. म्हणूनच सुरूच्या शास्त्रीय नावात 'इक्विसेटिफोलिया' आलं आहे, म्हणजे हॉर्सटेलसारख्या पानांचा. गंमत अशी की सुरू हॉर्सटेलही नाही आणि पाइनही नाही. तो चक्क फुलं येणारा वृक्ष आहे, आणि त्याचा 'शंकू' म्हणजे फळांचा झुबका. मुलांना हे आधी सांगू नका हं, त्यांना भांडू द्या थोडं.

इंग्लंडच्या त्या मुलाला मी माझी चूक कळवली. त्याने एक दांडी पेरापेराने सोडवून पुन्हा जोडल्याचा व्हिडिओ पाठवला. वाफ्यातलं तण मात्र अजून त्याची आईच उपटते आहे.