संगणकाचा ताप आणि वाटाण्याएवढा लेप



आपल्या संगणक कक्षातील एक जुना संगणक गेल्या उन्हाळ्यात दहा मिनिटे चालून आपोआप बंद पडू लागला. तो मोडीत काढायचे जवळजवळ ठरलेच होते. त्याआधी एकदा उघडून पाहिला. पंखा फिरत होता, धूळही फार नव्हती. मात्र प्रोसेसरवरचा लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून नवा लावला आणि संगणक दिवसभर चालू लागला. हा लेप म्हणजेच थर्मल पेस्ट.

लेप कशासाठी?

प्रोसेसर काम करताना तापतो. त्याची उष्णता वर बसवलेला धातूचा हीटसिंक ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर टाकतो. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म खाचा असतात आणि त्या खाचांत हवा अडकते. भाकरीचा जो भाग तव्याला टेकत नाही तो कच्चा राहतो, हे आपण घरी पाहतोच. इथेही तसेच होते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५ हजार पट चांगले उष्णतावाहक आहे. पेस्ट त्या खाचा भरून हवा बाहेर काढते.

पेस्ट वाळली की प्रोसेसर तापतो. तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान वाढतच राहिले, तर संगणक बंद होतो. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

साहित्य : थर्मल पेस्टची नळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे कापड, स्क्रू-ड्रायव्हर.

कृती :

१. संगणक पाच-दहा मिनिटे चालवा, म्हणजे जुनी पेस्ट थोडी सैल होते. मग तो रीतसर बंद करून प्लग काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातील स्थितिक विद्युत निघून जाईल.

२. पंख्याची वायर काढा, हीटसिंकचे स्क्रू किंवा खटके सोडवा. हीटसिंक झटक्याने वर ओढू नका. हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा. काही प्रोसेसरांना खाली पिना असतात. झटका दिल्यास प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात.

३. दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून वाळू द्या. नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका.

४. प्रोसेसरच्या मध्यभागी लहान वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा. बोटाने पसरवू नका, दाबाने ती आपोआप पसरते.

५. हीटसिंक सरळ खाली बसवा. पुन्हा उचलावा लागला, तर सर्व पुसून नव्याने लावा. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर दाब सारखा राहत नाही.

६. पंख्याची वायर आठवणीने जोडा. संगणक सुरू करून बायोसमध्ये तापमान पाहा.

जास्त लावली तर? फायदा काहीच नाही. पेस्ट हवेपेक्षा चांगली, पण तांब्यापेक्षा पुष्कळच कमी उष्णतावाहक असते. तिचा थर जाड झाला तर उष्णतेच्या वाटेत तीच आडवी येते.

दक्षता : हे काम शिक्षकांच्या किंवा पालकांच्या देखरेखीखालीच करावे. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने जवळ दिवा वा काडी नको. वीज पुरवणारी धातूची पेटी (एस.एम.पी.एस.) कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

पालक व विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपले संगणक अनेकांच्या देणगीतून आले आहेत. 'बिघडला' असा शेरा मारण्यापूर्वी प्रत्येक यंत्र एकदा उघडून, पुसून, तपासून पाहण्याची पद्धत आपण ठेवू या. मुले त्यातूनच शिकतील.

विचार करा : पंखा जोरात फिरत असूनही हीटसिंक थंडच लागतो आणि प्रोसेसर मात्र तापलेला आहे. दोष कुठे असेल? उत्तर वहीत कारणासह लिहून विज्ञान शिक्षकांना दाखवा.