नऊ पिना, पाच तारा

त्या केबलवर रिमोट चालत होता, तिथंच मी फसलो. चालला नसता तर त्याच आठवड्यात केबल परत गेली असती आणि तात्यांनी आणलेली बंदूक आज धड असती.

आमचे तात्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात दिल्लीला होते. १९९७ च्या मे महिन्यात गावी येताना त्यांनी पालिका बाजारातून व्हिडिओ गेम आणला, दोन रिमोट आणि बंदुकीसकट. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानात निघाला, त्याची ही नक्कल. कुंडलात आमच्या गल्लीतली निम्मी पोरं कॉन्ट्रा आमच्या सोप्यात शिकली. ती पेटी, कॅसेटी आणि डबा टीव्ही मी जपून ठेवलेत. गेल्या दिवाळीत पुतण्याची पोरं आली म्हणून सगळं बाहेर काढलं. रिमोटची वायर जेमतेम दीड मीटर, पोरं टीव्हीला नाक लावून बसायची. म्हणून सांगलीतल्या एका दुकानातून नऊ पिनांच्या दोन एक्स्टेंशन आणल्या. साडेतीनशेला एक. देताना दुकानदारानं छातीठोक सांगितलं, ‘‘रिमोट, बंदूक, काय बी लावा.’’

रिमोट लगेच चालला. बंदूक मात्र मुकी. डक हंट लावला, घोडा ओढला, तर गोळीचा आवाजसुद्धा नाही.

मी बंदूक आणि केबल घेऊन पुन्हा सांगलीला गेलो. दुकानदारानं केबलला रिमोट लावला, मारिओ पळवून दाखवला आणि म्हणाला, ‘‘काका, वायर चांगली हाय. बंदूक गेलीया तुमची. किती वर्षं झाली तिला?’’ जुनी वस्तू म्हटली की दोष तिचाच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. आतल्या पोरानं बंदूक खोलली, सेन्सर गेलाय म्हणाला आणि सहाशे रुपये सांगितले. आठ दिवसांनी बंदूक हातात मिळाली तेव्हा एका बाजूची खिट्टी तुटलेली, भिंगाला तडा आणि कडेनं डिंक फासलेला. घरी केबलला लावली तर पुन्हा मुकी. फोन केला तर म्हणे, ‘‘नवीन घेऊन टाका, आहे आपल्याकडं.’’

या सगळ्यात एकदाही, एकदाही, कुणी ती बंदूक केबल काढून थेट पेटीला लावून पाहिली नाही. मीही नाही, हे कबूल. पण मी गिऱ्हाईक. केबल विकणाऱ्याचं ते पहिलं काम होतं.

त्या रात्री झोप येईना. मल्टिमीटर काढला, बीपवर ठेवला आणि केबलची दोन्ही टोकं पुढ्यात घेतली. पहिली पिन, आवाज नाही. दुसरी वाजली, तिसरी वाजली, चौथी वाजली. पाचवी गप्प. सहावी वाजली. सातवी गप्प. आठवी वाजली. नववी गप्प. तीन वेळा मोजलं. मग केबल मधोमध कापली. आत पाचच तारा होत्या. टोकाला नऊ पिना चमकतायत, आत पाच तारा, आणि पैसे मी नवांचे दिलेले.

रिमोटला पाच तारा पुरतात: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि तीन सिग्नल. सगळ्या बटनांची खबर एकाच तारेतून एकामागून एक जाते. बंदुकीला तेच पाच व्होल्ट आणि ग्राउंड लागतं, पण तिचे सिग्नल वेगळ्या दोन तारांवर: एक घोड्याचा, एक उजेडाचा. माझ्या पेटीत त्या पाचव्या आणि सातव्या पिनवर आहेत. नेमक्या त्याच तारा घातलेल्या नव्हत्या.

मग बंदूक थेट पेटीला लावली. पहिल्याच ओढीला गोळीचा आवाज आला. पण बदक पडेना. उघडून पाहिलं तर त्या पोरानं सेन्सर उलटा जोडलेला. तो काढून सुलटा लावला तेव्हा बदक पडलं. कापलेली केबल घेऊन मी दुकानात गेलो, पाच तारा समोर धरल्या. उत्तर मिळालं, ‘‘कापलेला माल परत घेत नाही.’’ सहाशेचा तर विषयच काढू दिला नाही.

ज्यांच्याकडे असल्या पेट्या अजून आहेत त्यांनी ऐकावं. केबल घेताना मल्टिमीटर सोबत न्या आणि नऊच्या नऊ पिना दुकानातच वाजवून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. बंदूक चालेना तर आधी आवाज ऐका. आवाजच नसेल तर घोड्याची तार तपासा. आवाज येतो पण नेम लागत नाही, तर उजेडाची तार, सेन्सर किंवा टीव्ही. ही बंदूक काही सोडत नाही, फक्त बघते: घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो तिला दिसला तर नेम लागला. सपाट एलसीडीवर ते जमत नाही, डबा टीव्हीच लागतो.

मला शेवटी उपयोगी पडली ती जुन्या कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टची सरळ केबल, एका टोकाला पिना, दुसऱ्याला भोकं, आत पूर्ण नऊ तारा. दोन्ही टोकांना भोकं असलेली घेऊ नका, तिच्यात बहुधा दुसरी आणि तिसरी तार उलटसुलट असते. सरळ केबलही कडेचे स्क्रू काढल्याशिवाय पेटीच्या खाचेत बसत नाही.

पिन बसली म्हणजे जुळली असं नाही. माझ्या पेटीत पाच व्होल्ट सहाव्या पिनवर, सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये पाचव्या, अटारीत सातव्या. प्लग दिसायला तिन्हीकडे एकच. एकाचा रिमोट दुसऱ्याला लावला तर काहीही जळू शकतं. अडॅप्टरचंही तेच. माझ्या पेटीला नऊ व्होल्टचा, मध्ये ऋण असलेला लागतो. वायफायच्या डब्याचा बहुतेक बारा व्होल्टचा आणि मध्ये धन असतो. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मध्ये ऋण आणि दुसऱ्याला मध्ये धन, म्हणजे एकाच कंपनीवरही भरवसा ठेवता येत नाही. पेटीच्या आणि अडॅप्टरच्या खालचं धन-ऋणाचं चित्र वाचा. बिल घ्या. जुनी वस्तू दुरुस्तीला देण्याआधी तिचे फोटो काढून ठेवा. मी काढले असते तर खिट्टी आधीपासूनच तुटलेली होती हे दुकानदाराचं बोलणं मला खाली मान घालून ऐकावं लागलं नसतं.

नवी केबल तीन मीटरची आहे. रिमोट घेऊन पोरं आता भिंतीला टेकून बसतात. बंदुकीच्या भिंगाला मात्र तडा आहे, चार फुटांच्या पुढून तिला बदक दिसत नाही. डक हंट लावला की पोरं पुन्हा टीव्हीच्या पुढ्यात सरकतात.