ताट आणि टेकडी

धानोरा हे नंदुरबार जिल्ह्यातील एक गाव. अशा गावातील मुलगा किंवा मुलगी शाळेचे शिक्षण पुरे करून कॉलेजसाठी शहरी जाण्यास निघाली, की घरात बोलणी सुरू होतात. कोणता विषय घ्यावा, फी किती पडेल, पुस्तके कोठून आणावीत, असे अनेक प्रश्न वडील माणसे काढतात. आईचा पहिला प्रश्न मात्र निराळा असतो. शहरात जेवणार कोठे, हे तिला प्रथम कळावयास हवे असते. प्रश्न साधा दिसतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील कित्येक मुलांचे शिक्षण याच प्रश्नापाशी अडले, आणि ज्यांना त्याचे उत्तर सापडले त्यांचे तडीस गेले.

विद्येची नगरी म्हणून पुण्याचे नाव जुने. तेथे १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. कोकणातून व देशावरून मुले शिकण्यासाठी येऊ लागली. पुष्कळांच्या कनवटीला थोडेच पैसे असत. राहण्यास एखाद्या वाड्यातील अंधारी खोली मिळे, पण दोन वेळच्या जेवणाचे काय? त्यावर त्या काळी दोन उपाय होते. एक वार लावून जेवण्याचा आणि दुसरा माधुकरीचा.

वार लावणे म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी घरे विद्यार्थ्याला स्वतः हिंडून मिळवावी लागत. सहा घरे मिळाली आणि सातवे मिळाले नाही, तर त्या वारी उपास ठरलेला. एखाद्या घरी कोणी आजारी पडले, घरची मंडळी गावाला गेली, की पानावर बसण्याची वेळ टळे आणि मुलगा पाणी पिऊन अभ्यासाला लागे. काही घरी त्याला घरच्या मुलासारखे वागवीत. काही घरी चार कामे सांगून मग पान वाढीत. माधुकरीची रीत याहून कठीण. मध्यान्हीच्या सुमारास झोळी घेऊन घरोघर जावयाचे, दाराशी उभे राहावयाचे, आणि जे पडेल ते घेऊन परतावयाचे. कोठे मूठभर भात, कोठे अर्धी पोळी, कोठे थोडी भाजी. पाच घरची पाच चवींची अन्ने झोळीत एकत्र होत. ती खाऊन ज्यांनी पुढे मोठमोठ्या पदव्या मिळविल्या, त्यांना त्या झोळीची लाज वाटली नाही. उलट तिचा उल्लेख ते अभिमानाने करीत. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह ही संस्था स्थापन झाली. निराधार मुलांना एका छपराखाली राहून शिकता यावे, हा तिचा हेतू होता. पुढे तीच संस्था पुणे विद्यार्थी गृह या नावाने प्रसिद्ध झाली.

ज्यांना महिन्याचे थोडेबहुत पैसे घरून येत, त्यांचीही ओढाताण काही कमी नसे. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकत होते. वडील वारले होते. थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपयांच्या नोकरीवर होते आणि त्यांतील आठ रुपये धाकट्या भावाला पाठवीत. या काळातील एक गोष्ट त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. एक मित्र गोपाळला नाटकास घेऊन गेला. मित्राने आपल्याला प्रेमाने नेले अशी त्याची समजूत. पण काही दिवसांनी मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. हे दोन आणे खर्चाच्या कोणत्याही खात्यात बसत नव्हते. तेव्हा दिव्याचे तेल वाचवावे असे त्याने ठरविले, आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली उभे राहून अभ्यास केला. करमणुकीची किंमत विद्यार्थ्याला कशी मोजावी लागते, हे यावरून ध्यानात येते.

तथापि वार आणि माधुकरी यांविषयी बोलताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ही दारे मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती उघडी होती. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलाने झोळी घेऊन कोणाच्या दाराशी उभे राहावयाचे? अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर पैसे देऊनही खाणावळीत पान मिळत नसे. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडला तरी शहरात ताट मिळाल्याखेरीज तो उघडला असे म्हणता येत नाही.

हे वर्म कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी ओळखले. १९०१ साली त्यांच्या प्रोत्साहनाने मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी त्यांना जागा दिल्या, इमारती दिल्या, पैसा दिला. १९०८ साली अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव पाटील नावाचा एक तरुण विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर त्याने विटाळाचे स्नान करावे, असे त्याच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी फर्मावले. त्याने ते साफ नाकारले, आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. महाराजांनी त्याला आपल्या वाड्यात आश्रय दिला.

हाच तरुण पुढे कर्मवीर म्हणून ओळखला गेला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीत बसून जेवत. आज ही गोष्ट वाचताना तिच्यात विशेष काय, असे वाटेल. त्या काळी ती फार मोठी होती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने मोडले. शेवटी कोठारात धान्य उरले नाही, तेव्हा गळ्यातील मंगळसूत्रही त्यांनी त्यासाठी दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तेथे ‘कमवा आणि शिका’ या योजनेनुसार विद्यार्थी शेतावर आणि बांधकामावर श्रम करीत व त्यांतून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली, तीही खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलांसाठीच.

मुलींची अडचण आणखी निराळी होती. त्यांनी वार लावावेत किंवा खाणावळीत बसावे, हे समाजाला मुळीच रुचले नसते. वसतिगृह असेल तर शिक्षण, नाही तर नाही, अशी त्यांची स्थिती होती. महर्षी कर्वे यांनी हिंगण्यास जे कार्य केले, त्याचे मोल या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

काळ पालटला, आणि विद्यार्थ्यांच्या जेवणाचा मोठा भार खाणावळींनी उचलला. आज पुण्याच्या पेठांतून हिंडणाऱ्याला जागोजागी ‘मेस’ अशी पाटी दिसते. ही मेस स्वस्त का असते, याचा विचार करण्यासारखा आहे. हॉटेलात कोण येईल आणि काय मागेल याचा नेम नसतो. म्हणून तेथे दहा पदार्थ तयार ठेवावे लागतात, आणि उरलेल्या पदार्थांचा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलातूनच निघतो. मेसमध्ये महिन्याचे पैसे आगाऊ मिळतात. जेवणारी माणसे ठरलेली असतात. समजा, साठ जण जेवणार आहेत. तर कणीक किती भिजवावी आणि डाळ किती शिजवावी हे बाईंना सकाळीच ठाऊक असते. मंडईत ज्या दिवशी जी भाजी स्वस्त, ती त्या दिवशी सर्वांच्या ताटात. कोबी स्वस्त झाला की आठवडाभर कोबी! त्यावरून विद्यार्थी कुरकुरतात, आणि तरी जेवतात. रविवारी दुपारी गोडाचे जेवण असते आणि संध्याकाळी बहुतेक ठिकाणी चूल बंद. दुपारी दोन घास अधिक का खावेत, हे नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच रविवारी रात्री समजते.

ती रविवारची रात्र, किंवा परीक्षेच्या दिवसांतील मध्यरात्र, कोपऱ्यावरच्या वडापावावर निभावते. पुण्याचे ‘अमृततुल्य’ चहाचे दुकान म्हणजे विद्यार्थ्यांचा दुसरा वर्गच. आले-वेलदोडे घालून उकळलेला चहा आणि त्यावर तासभर चालणारा वाद, एवढ्यात एक संध्याकाळ सरते. इराणातून आलेल्या लोकांनी काढलेल्या उपाहारगृहांचीही एक वेगळी परंपरा आहे. डेक्कन जिमखान्यावरील ‘गुडलक’ हे त्यांतील एक, १९३५ सालापासूनचे. लोणी लावलेला पाव आणि चहा पुढे ठेवून किती वेळ बसावे, याचा विद्यार्थ्यांनी पुरता अनुभव घेतला आहे. उडुप्याकडची इडली वाफेवर शिजते. तिला तेल लागत नाही आणि पोट मात्र भरते, म्हणून तीही विद्यार्थ्यांना मानवली.

पोट भरल्यावर मनाचे काय? गावाकडे आठवड्याचा बाजार असतो, होळीला रात्रभर ढोल वाजतो, नदी असते. शहरात करमणुकीला पैसे पडतात, असा पुष्कळांचा समज असतो. पुण्याने तो बऱ्याच अंशी खोटा ठरविला आहे. फर्ग्युसन कॉलेजच्या पाठीशीच टेकडी आहे. सायंकाळी तिच्यावर चढून जावे, वारा घ्यावा, खाली दिवे लागताना पाहावेत. कोणी तिकीट विचारीत नाही. पर्वतीच्या पायऱ्या आहेत. वेताळ टेकडी आहे. सुट्टीच्या दिवशी सिंहगड आहे. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी जो गड प्राण देऊन जिंकला, तो पायी चढून जावे, आणि वर पिठले-भाकरी व मडक्यातले दही खावे, हा पुण्याच्या विद्यार्थ्यांचा कित्येक पिढ्यांचा परिपाठ आहे. शहरातल्या हॉटेलातील कोणत्याही जेवणापेक्षा ते जेवण रुचकर लागते, आणि त्याचे निम्मे श्रेय तरी चढणीलाच दिले पाहिजे.

याहून वेगळी मौज हवी असल्यास तीही आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात भरते. थोरांची भाषणे ऐकण्यास खिसा जड असावा लागत नाही. १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर आहे. १९६३ साली पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून पावसाळ्याच्या दिवसांत कॉलेजाकॉलेजांतून तालमींचे आवाज येतात. त्यांत नाटक लिहिणारा विद्यार्थी, बसविणारा विद्यार्थी आणि खिळे ठोकणाराही विद्यार्थीच. दोन आण्यांसाठी रस्त्यावरच्या दिव्याखाली उभ्या राहणाऱ्या गोपाळला ही नाटके पाहून आनंद झाला असता.

परंतु धानोऱ्याच्या सर्वच मुलांना पुण्याला जाता येत नाही, आणि जाण्याची गरजही उरलेली नाही. नंदुरबार, शहादा, तळोदे येथे आता कॉलेजे आहेत. नंदुरबार हे मिरचीचे गाव. हंगामात गावाबाहेर मिरचीच्या लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि वाऱ्याबरोबर नाकाला झोंबणी येते. गुजरात जवळ असल्याने येथे खमण आणि फाफडा मिळतो. खानदेशी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी तर हक्काची. हिंडावयास प्रकाशे येथे तापीचा काठ आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथे दूरदूरचे घोडे विक्रीला येतात, आणि ते पाहण्यास काहीच पडत नाही. सातपुड्यात तोरणमाळ आहे. तेथील यशवंत तलावाच्या काठी मित्रांसह एक दिवस घालवावा.

या भागातील अनेक आदिवासी विद्यार्थी शासकीय वसतिगृहांत राहतात. त्यांच्या जेवणाचा प्रश्न अलीकडे पुन्हा उभा राहिला होता. २०१८ साली शासनाने शहरी वसतिगृहांतील जेवणाऐवजी तितके पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भरण्याचे ठरविले. पैसे हाती आले म्हणजे मुले आपल्या आवडीचे खातील, असा त्यामागील विचार होता. विद्यार्थ्यांचे म्हणणे वेगळे पडले. पैसे वेळेवर पडले नाहीत तर त्या दिवशी काय खावयाचे, आणि बाहेरच्या महागड्या भावात ते पुरणार कसे, असे त्यांनी विचारले. वसतिगृहातील भोजनालयच पुन्हा चालू करावे, ही मागणी घेऊन त्या वर्षीच्या जुलै महिन्यात शेकडो विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. खाणावळीचे गणित ज्यांनी अनुभवाने शिकले होते, त्यांचे ते बोलणे होते.

ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही, ते तिघे-चौघे मिळून खोली घेतात. घरून ज्वारीचे पीठ, डाळ आणि तिखट येते. एक जण भाकरी थापतो, दुसरा भांडी घासतो. पहिल्या महिन्यातील भाकरी कोणत्याही नकाशावर नसलेल्या देशाच्या आकाराच्या होतात. आणि ज्यांचे गाव जवळ आहे, त्यांच्यासाठी एसटी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हा ही गाडी मुलांची जेवणे वाहील, असे कोणाच्या मनात आले नसेल. सकाळी गावच्या थांब्यावर आई फडक्यात बांधलेला डबा गाडीत ठेवते. डब्यावर मुलाचे नाव असते. शहराच्या स्थानकावर मुलगा वाट पाहत उभा असतो. तो आपला डबा ओळखून उचलतो, आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा घासूनपुसून परत पाठवितो.