चिरकारी रक्तकर्करोगात व्यायाम व पथ्य : बलार्धाचा विचार

चिरकारी रक्तकर्करोगाचा रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात स्वतः चालत येतो. २००१ साली इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मान्य झाले आणि पुढे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे रुग्ण वर्षानुवर्षे संसार-व्यवसाय सांभाळू लागले. लिम्फॉसायटिक प्रकार बहुधा उतारवयात आढळतो. त्यातील अनेकांना आरंभी केवळ निरीक्षणाखाली ठेवतात. असे रुग्ण आपणांस विचारतात ते एवढेच, की थकवा जात नाही, व्यायाम करावा का?

करावा. हा थकवा नुसत्या विश्रांतीने जात नाही. अंथरुणाला खिळल्याने मांसबल घटते आणि थकवा अधिकच वाढतो. मात्र मात्रा बलार्धाची असावी. श्वास तोंडाने घेण्याची वेळ येणे हे बलार्धाचे लक्षण सुश्रुतांनी सांगितले आहे. रुग्णाला आम्ही ते सोप्या शब्दांत सांगतो : चालताना बोलता आले पाहिजे. प्रारंभी सकाळ-सायंकाळ दहा-दहा मिनिटे सपाट रस्त्याने चालावे आणि दर आठवड्यास थोडे वाढवावे. सोसू लागल्यावर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आरंभावे.

येथे आमची एक चूक नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका चाळिशीतील रुग्णास आम्ही परिपाठाने सूर्यनमस्कार व धनुरासन सांगितले. चौथ्या दिवशी डाव्या बरगडीखाली दुखू लागले म्हणून तो परत आला. तेव्हा उदर तपासले. प्लीहा चार अंगुळे खाली आली होती. सुदैवाने इजा झाली नव्हती. प्लीहावृद्धी असता उदरावर दाब आणणारी आसने, कपालभाती, नौली, जड वजन उचलणे आणि धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य करावेत. नाडीपरीक्षेइतकेच प्लीहापरीक्षण अगत्याचे आहे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

रक्तपित्ताच्या रुग्णास व्यायाम निषिद्ध, हे शास्त्रवचन येथे शब्दशः लागू पडते. हिरड्यांतून रक्त, त्वचेवर लाल ठिपके अथवा प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली असता जोराचा व्यायाम आणि मर्दन दोन्ही थांबवावे. 'रक्तदुष्टी' म्हणून अशा रुग्णास जळवा लावण्याचा किंवा सिरावेधाचा मोह तर कटाक्षाने टाळावा. ज्वर १०० अंशांवर गेला की काढा देत बसू नये. त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

आहारात ताजे, शिजवलेले अन्न, उकळलेले पाणी आणि भोजनापूर्वी हात धुणे एवढे पाळले तरी पुष्कळ साधते. उपवासाबाबत मात्र विशेष सांगावे लागते. इमॅटिनिब जेवणाबरोबर व भरपूर पाण्यासह घ्यावयाचे असते. एकादशीला रुग्ण एकतर गोळी चुकवितो किंवा रिकाम्या पोटी घेऊन ओकतो. उलटपक्षी, निलोटिनिब रिकाम्या पोटीच घ्यावे लागते. म्हणून गोळीचे नाव विचारल्याशिवाय आहारकाल ठरवू नये.

औषधी विक्रेते बंधूंनाही एक विनंती आहे. गुळवेल, हळदीचे अर्क, लसणाच्या कॅप्सूल ही निरुपद्रवी म्हणून मागितली जातात. पण गुळवेलीने यकृतास इजा झाल्याचे रुग्ण २०२१ मध्ये मुंबईत नोंदविले गेले, आणि हळद-लसणाच्या संहत मात्रांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. ग्रेपफ्रूटचा रस इमॅटिनिबची रक्तातील मात्रा वाढवू शकतो. गिऱ्हाईक अशी वस्तू मागू लागले तर कोणत्या गोळ्या चालू आहेत ते आधी विचारावे.

सर्वांत कठीण प्रसंग पुढचा आहे. पेशींची संख्या प्राकृत झाली की रुग्ण म्हणतो, 'वैद्यराज, तुमच्या काढ्याने गुण आला, आता ती गोळी सोडू का?' अशा वेळी श्रेय स्वीकारण्याचा मोह कोणासही होईल. गोळी थांबविणे काही निवडक रुग्णांत शक्य असते, परंतु दीर्घकाळ खोल प्रतिसाद टिकल्यावर आणि बीसीआर-एबीएल तपासणी वारंवार करीत राहण्याच्या बोलीवर. तो निर्णय तज्ज्ञांचा. आम्ही आता अशा रुग्णाच्या कागदावर पथ्याच्याही वर, पहिल्याच ओळीत लिहितो : 'रक्तविकारतज्ज्ञांची गोळी चालू ठेवावी.'