नवीन पीसी चालू होतो, पण स्क्रीनवर ‘नो सिग्नल’? पार्ट बदलण्याआधी हे तपासा



असेंबल्ड पीसीचं काम सुरू करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “सर, सगळं जोडलं, पंखे फिरतात, लाइट लागतात, पण मॉनिटरवर नो सिग्नल. आता काय करू?” आज त्याचंच उत्तर बघू. पण आधी माझी फजिती सांगतो.

दुकान नवीन होतं तेव्हा एका क्लासची पाच पीसींची ऑर्डर आली. मुलांना ब्लेंडर शिकवायचं होतं आणि लायसन्सचा खर्च नको होता, म्हणून उबंटू लिनक्स ठरलं. अट एकच, आधी एक मशीन दाखवा, पसंत पडलं तर बाकीची चार. रात्री साडेदहाला जोडणी संपवून बटण दाबलं, तर स्क्रीन काळी. रॅम काढून घातली, पॉवर सप्लाय बदलला, प्रोसेसरसुद्धा काढून पुन्हा बसवला. शेवटी होलसेलरला फोन करून “डेड बोर्ड दिलात” म्हणून भांडलो.

सकाळी चहा घेताना सहज मागची बाजू बघितली. एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली, आणि ग्राफिक्स कार्डचं पोर्ट मोकळं! प्रोसेसर होता रायझन ५ ५६००, म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला. मग बोर्डच्या पोर्टमधून चित्र येणार कुठून? होलसेलरची माफी मागावी लागली.

तेव्हापासून दुकानात दोन नियम आहेत. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी तपासायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिला प्रश्न: कंपनीचा लोगो दिसतो का?

बटण दाबल्यावर बोर्ड कंपनीचा लोगो किंवा बायोस दिसत नसेल, तर लिनक्सचा काही संबंध नाही. पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून उपयोग नाही, हार्डवेअर बघा. लोगो दिसतो आणि नंतर स्क्रीन काळी होते, तर बहुतेक वेळा घोळ लिनक्स आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो.

लोगो दिसत नाही तेव्हा, याच क्रमाने

१. मॉनिटर आणि केबल दुसऱ्या चालू लॅपटॉपला लावून बघा. मॉनिटरचा इनपुट एचडीएमआयवर आहे ना, तेही बघा.

२. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावा.

३. प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. इंटेलच्या आय५-१२४००एफ सारख्या नावातला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. असा प्रोसेसर घेतला तर कार्ड लागणारच.

४. पीसी बंद करा, प्लग काढा, मग आत हात घाला. प्रोसेसरजवळची वेगळी पॉवर केबल लावली आहे का? कार्डला स्वतःची पॉवर केबल लागते का?

५. एकच रॅम ठेवा. कुठल्या स्लॉटमध्ये, ते बोर्डच्या पुस्तिकेत असतं. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा. ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. घाईने बंद करू नका.

६. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे लाइट असतात. जो लागून राहतो, तिथे शोधा.

७. जुन्या मॉडेलच्या बोर्डवर नवा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट लागू शकतो. बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवरच्या यादीत प्रोसेसरचं नाव बघा. हे खरं तर खरेदीआधीच करायचं काम.

लोगोनंतर स्क्रीन काळी होते तेव्हा

माझ्याकडे केबल बदलल्यावर हेच झालं. एनव्हिडियाचं नवीन कार्ड असलं की हे बऱ्याचदा घडतं.

उबंटूच्या पेनड्राइव्हच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय असतो, तो निवडून इन्स्टॉल करा. नंतर पुन्हा काळी स्क्रीन आली तर लोगो जाताच एस्केप दाबून ग्रब मेनू आणा. उबंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा, इंग्रजीत, छोट्या अक्षरांत, सलग. मग एफ१०. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो.

डेस्कटॉप दिसला की ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून ‘टेस्टेड’ लिहिलेला ड्रायव्हर घाला. सिक्युअर बूट चालू असेल तर वाटेत एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते, तिथे ‘एन्रोल’ निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत ही स्क्रीन सोडून दिली तर ड्रायव्हर चालत नाही आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

आता धंद्याचं बोलू

पहिलं मशीन मी एक दिवस उशिरा दिलं. क्लासच्या सरांना खरं काय झालं ते सांगितलं, आणि बाकीची चार मशीन मिळाली. दर वेळी समोरचा असा समजूतदार असेलच असं नाही. म्हणून काउंटरखाली एक चालू केबल, एक तपासलेली रॅम आणि एक जुनं साधं ग्राफिक्स कार्ड कायम ठेवा. डिलिव्हरीची तारीख देताना तपासणीचा एक दिवस धरा. आणि पुरवठादाराला फोन करण्याआधी वरची यादी पूर्ण करा. उधारीवर माल देणारा माणूस एका रागाच्या फोनमुळे गमावणं परवडत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या पीसीच्या मागे जा, केबल कुठल्या पोर्टला आहे आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव काय आहे, ते वहीत लिहून ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!