टूर कंपनीने दिलेला विमा, दाद कुठे मागायची?

प्रश्न : आम्ही दोघे मुलाकडे जर्मनीला निघालो आहोत. तिकिटांबरोबर टूर कंपनीने प्रवास विमाही दिला. उद्या दावा नाकारला तर? अशा विम्यावर सरकारचं लक्षच नसतं, असं ऐकतो.
– एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : निर्धास्त राहा, लक्ष आहे. टूर कंपनी फक्त मध्यस्थ असते. जोखीम घेते ती विमा कंपनी, आणि तिच्यावर हैदराबादच्या विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा अंकुश असतो. तिकिटं विकणाऱ्या संकेतस्थळांनी विम्याच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवू नये, असं या प्राधिकरणाने २०१९मध्ये बजावलं.

मात्र पैसे भरल्याची पावती म्हणजे पॉलिसी नव्हे. पॉलिसीचा कागद आजच मागून घ्या. त्यावर विमा कंपनीचं नाव आणि दाव्यासाठीचा फोन क्रमांक पाहा. शेंगेन व्हिसासाठी वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नका. नंतर दावा अडकतो तो इथेच. आधीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे का, हे लेखी विचारा.

तक्रार आधी विमा कंपनीकडे, लेखी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं पुण्याचं कार्यालय तुमच्या शेजारीच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.