पंचवीस तारखेचा हिशेब

बीडमधल्या एका बँकेत गृहकर्जाचा अर्ज घेऊन बसलेल्या माणसाकडे व्यवस्थापकाने संगणकाचा स्क्रीन वळवला आणि विचारले, "सर, हे काय करून ठेवलंय?" वर 668 असा आकडा होता. खाली महिन्यांची एक पट्टी आणि तिच्यात 006, 005, 036 असे तीन-तीन अंकी आकडे. खुर्चीतला माणूस म्हणजे प्रस्तुत लेखक. शाळेत गणित शिकवण्यात त्याची उभी नोकरी गेली, पण ही पट्टी काही त्याला वाचता आली नाही.

"मी कुणाचा एक रुपया बुडवला नाही. उशीर झाला तेव्हा दंडासकट भरलं," तो म्हणाला.

"बुडवलं नाही म्हणून 668 तरी आहे," व्यवस्थापक म्हणाले.

चूक क्षुल्लक वाटावी अशीच होती. क्रेडिट कार्डाच्या बिलाची देय तारीख 25, आणि पगार पडायचा पुढच्या महिन्याच्या पाच-सात तारखेला. पंचविसाव्या तारखेला खात्यात खडखडाट. पगार झाला की लेखक आधी कार्डाचे बिल भरायचा, दंडही भरायचा आणि हिशेब मिटला असे समजायचा. सुभाष रोडवरच्या किराणा दुकानात तो खरेच मिटला असता. दुकानदार वहीत नावावर काट मारतो आणि चार दिवसांचा उशीर विसरून जातो. मे 2024 मध्ये घरात पुतणीचे लग्न निघाले. एप्रिलचे बिल त्या गडबडीत राहिले ते थेट जूनच्या पगारावर भरले गेले.

पट्टीवरचे आकडे या उशिराचे दिवस होते. बँका आणि वित्तसंस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती पतमाहिती कंपन्यांना कळवतात. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सर्वांत जुनी, 2000 सालची. म्हणून गावोगाव या सगळ्या प्रकरणालाच 'सिबिल' म्हणतात. माहिती पाठवण्याच्या दिवशी बिल थकलेले असेल, तर देय तारखेपासून किती दिवस उलटले ते लिहिले जाते. 25 मार्चचे बिल 31 मार्चला उभेच, म्हणून 006. 25 एप्रिलचे 31 मेलाही उभे, म्हणून 036. पाच-सात तारखेला भरलेल्या पैशांनी बाकी शून्यावर येते, पण त्या महिन्याच्या चौकोनातला आकडा तसाच राहतो. सिबिलच्या अहवालात असे 36 महिने दिसतात. 300 ते 900 या टप्प्यात आपला सिबिल अंक (लेखकाचा 668) कुठे बसतो, ते ठरवण्यात या वेळेवर भरण्याच्या नोंदींचा वाटा मोठा असतो.

लेखकाचा दुसरा गैरसमज 'किमान देय रकमे'चा. ती वेळेत भरली तर थकबाकीची नोंद होत नाही, हे खरे. व्याज मात्र सुटत नाही. समजा, 20,000 रुपयांची बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झाले 700 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 126. किमान रक्कम पाच टक्के धरली तर भरायचे 1,000 रुपये. त्यातले 826 व्याजात आणि करात गेले, मुद्दलातून फिटले फक्त 174. शिवाय बाकी पुढे ओढली, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रकार नवा वाटू नये. कोयता खांद्यावर घेऊन कारखान्यावर जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, हंगामभर ऊस तोडते आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी बाकी उरते. मग पुढच्या हंगामाची सुरुवात त्याच बाकीपासून. पांढरपेशा लेखक कार्ड वापरून नेमके तेच करत होता, फक्त वातानुकूलित दुकानात.

या सगळ्याची किंमत दंडाच्या पावतीवर दिसत नाही. अनेक बँका आता गृहकर्जाचा दर अर्जदाराच्या सिबिलनुसार ठरवतात. 20 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे 17,356 रुपये येतो. सव्वानऊ टक्क्यांनी तोच 18,317 होतो. महिन्याला 961 रुपयांचा फरक, म्हणजे 20 वर्षांत 2 लाख 30 हजारांहून अधिक.

बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी तर जास्तच जपावे. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत कर्ज किंवा कार्ड थकवलेल्या आणि सिबिल खराब असलेल्या उमेदवारांबाबत स्पष्ट अट असते. अशाच कारणावरून बँकेने रद्द केलेली एक नेमणूक जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. पीक कर्जाचे मात्र वेगळे आहे. शेतकऱ्यांकडे त्यासाठी सिबिल मागू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाला ही सवलत आहे असे कुणी समजू नये.

कार्डधारकाच्या बाजूचे नियमही आहेत. लेखकाला ते फार उशिरा कळले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच बँकेला दंड लावता येतो आणि थकबाकी कळवता येते. दंडही उरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नव्हे. त्याच निर्देशांनी बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याची मुभा दिली आहे. पगार सातला होत असेल तर देय तारीख बारा-पंधरा करून घ्या. एवढा एक अर्ज वेळेत केला असता, तर लेखकाच्या पट्टीवरचे बहुतेक आकडे उमटलेच नसते. पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापले जाईल अशी सूचनाही बँकेला देऊन ठेवता येते.

प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो मागवा आणि घरात बसून वाचा. कर्जाच्या खुर्चीत पहिल्यांदा वाचायची वेळ येऊ देऊ नका. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. थकबाकी फारच वाढली आणि कुणी कमी रकमेत 'सेटलमेंट' करून देतो म्हणाले, तर हुरळून जाऊ नका. अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो वाचते. जमेल तसे पूर्ण फेडा, खाते बंद करा आणि बाकी नसल्याचे पत्र घ्या. वाईट नोंद पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

आणखी एक बदल. पूर्वी बँका ही माहिती महिन्यातून एकदा पाठवत. 1 जानेवारी 2025 पासून ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. चूक लवकर दिसते, तशी सुधारणाही.

लेखकाची देय तारीख आता 12 आहे आणि बिल खात्यातून परस्पर कापले जाते. पट्टीवर ओळीने 000 येत आहेत. मे 2024 चा तो 036 मात्र तीन वर्षे पुरी होईपर्यंत त्याच जागी दिसणार आहे.